बी. एस. पाटील यांच्या मापाची मोटारसायकल

“सबब, सदर मोटारसायकलीच्या स्वरूपात झालेला बदल हा दोन गिऱ्हाइकांच्या कागदांची नजरचुकीने अदलाबदल झाल्यामुळे घडला असून, त्यात कोणाचाही हेतू आढळून येत नाही.”

हवालदार दाभोळे यांनी हे वाक्य एका दमात वाचले, कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला, म्हणजे वाक्य उडून जाणार नाही आणि कोणी उचलणारही नाही.

“झालं, सर. सही करा, गाडी घेऊन जावा.”

“हेतू आढळून आला नाही, असे आपण लिहिले आहे. तो शोधला कुठे होता?”

“शोधायचा काय त्यात? माणूस म्हणतोय चूक झाली.”

मी दाराबाहेर पाहिले. चौकीच्या पत्र्याखाली माझ्या दिवंगत भावाची येझदी उभी होती, आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून रहिमान शिकलगार शर्टाच्या बाहीने तिची टाकी पुसत होता. आरोपीने मुद्देमाल पुसावा आणि पोलिसांनी त्याला आणखी एक फडके द्यावे, अशी आमच्या त्या चौकशीची शिस्त होती.

“हवालदारसाहेब,” मी म्हणालो, “जुन्या पोथ्यांतल्या चुका शोधण्यावर मी पस्तीस वर्षे पोट भरले आहे. चूक कशी असते ते मला विचारा. लेखनिकाला डुलकी लागते, ओळ गळते. त्याच्या घरी भांडण झालेले असते, मग एकच शब्द दोनदा येतो. अशा चुका चहूकडे सांडलेल्या असतात. त्या कधी मोर्चा काढत नाहीत. सगळ्या चुका एकाच दिशेने चालू लागल्या, तर त्यांच्यापुढे झेंडा घेऊन कोणीतरी चाललेला असतो.”

“म्हंजे?”

“या गाडीत एकोणीस बदल आहेत. त्यांतला एकही दुसऱ्याच्या आड येत नाही. हँडल खाली आले म्हणून पायदाने मागे गेली, पायदाने मागे गेली म्हणून टाकीला गुडघ्यांसाठी खोलगे आले. आता दुसरे. कागद बदलल्याचे याला ठाऊक नव्हते म्हणता. मग गाडीचे काढलेले भाग वर्तमानपत्रात बांधून, त्यांवर माझ्याच यादीचे क्रमांक कोणी घातले? माझी यादी तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात होती.”

हवालदारांनी चहाचा ग्लास उचलला, कागदावर उमटलेले गोल वर्तुळ पाहिले आणि तो पुन्हा नेमका त्याच वर्तुळात ठेवला.

“सर, तुम्हाला ह्यो माणूस आत पाहिजे काय?”

“मला माझ्या गाडीची मागची सीट हवी आहे.”

“ती तर बांधून ठेवलीया म्हनता न्हवं?”

“सीट आहे. ती जिच्यावर बसते ती कमान करवतीने कापली आहे.”

हे बोलताना माझा आवाज पूर्ण शांत होता. माझे विद्यार्थी या आवाजाला फार घाबरत.

आता ही सीट काय होती ते सांगितले पाहिजे. माझा थोरला भाऊ भूपाल मगदूम उद्यमनगरात पॅटर्नचे काम करी. लोखंडाची वस्तू ओतायची तर ती आधी लाकडात घडवावी लागते. तो ते लाकूड घडवणारा. सहा फूट उंच, अबोल, कानामागे कायम पेन्सिल. ही गाडी त्याने त्र्याऐंशी साली घेतली आणि चौदा साली तो गेला. मधली एकतीस वर्षे गाडी तो चालवी आणि मागे मी बसे. कॉलेजला, ग्रंथालयात, बसडेपोवर, दोघांच्याही सासुरवाडीला. माझ्या प्रबंधाची मुद्रिते मी त्या सीटवर, त्याच्या पाठीला टेकवून तपासली आहेत. छापील प्रतीत राहिलेल्या दोन चुका खड्ड्यांच्या आहेत. मला कोणतेही वाहन चालवता येत नाही. शिकण्याची वेळच आली नाही. मागे जागा होती.

शेवटच्या हिवाळ्यात, इस्पितळात जाण्याच्या आठवडाभर आधी, त्याने मला अंगणात स्टुलावर बसवून घडीच्या फुटपट्टीने माझी मापे घेतली होती. खांद्यापासून मनगट, कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच.

“हे कशाला, दादा?”

“बैठं मेज करतो तुला. मान मोडून लिहितोस.”

मेज झाले नाही. ज्या माणसाला श्वास घ्यायला वेळ पुरत नाही त्याने कबूल केलेल्या मेजाबद्दल कोणी विचारत नसते.

पुढची तीन वर्षे गाडी पडवीत आच्छादनाखाली उभी होती. मग मी ठरवले की ती मूळ रूपात आणायची आणि बैठकीच्या खोलीत ठेवायची. मूळ रूप म्हणजे काय, याचा निर्णय मी मेकॅनिकवर सोपवणाऱ्यांतला नाही. मी त्या सालच्या दोन गाड्या पाहिल्या, कंपनीचे जुने पुस्तक मिळवले, भावाने वेळोवेळी केलेले फेरफार वेगळे काढले आणि एक्केचाळीस पानांची यादी केली. तळटीपांसह.

रहिमान शिकलगार हा भावाचा मित्र. उद्यमनगरात त्याचे गॅरेज आहे. यादी त्याने चष्मा लावून, बोटाला थुंकी लावत वाचली.

“सर, पान बारावर किकच्या रबराचा रंग ल्हिलाय.”

“लिहिला आहे.”

“काळा म्हनून.”

“मूळचा काळा. त्याखाली टीप पाहा. नंतरच्या रबराचा काळा निराळा आहे.”

“काळ्यात काळा निराळा.” त्याने चष्मा काढून पुसला. “भूपालअण्णा तुमच्याबद्दल म्हनायचंच, आमचा श्रीपाल कोळशाच्या वखारीत बसवला तर कोळशं निवडत बसंल.” मग थोड्या वेळाने त्याने विचारले, “गाडी झाली की चालवनार कोन?”

“कोणी नाही. ती घरात राहील.”

“शोकेसात?”

“तसे म्हणा.”

“बरं,” तो म्हणाला आणि यादी घडी करून त्याने खिशात ठेवली. त्या ‘बरं’कडे माझे लक्ष गेले नाही, ही या प्रकरणातली माझी पहिली चूक.

तीन महिन्यांनी त्याने मला बोलावले आणि गाडीवरची चादर ओढली.

चादरीखाली जे होते ते पुढे वाकून कोणाच्या तरी अंगावर धावून जाण्याच्या तयारीत होते. ऐसपैस हँडल गेले होते. त्याच्या जागी पुढच्या दोन नळ्यांना धरून दोन आखूड मुठी, त्याही इतक्या खाली की चालवणाऱ्याने टाकीला दंडवत घालावा. चकाकणारे मडगार्ड गेले होते. टाकी लांबट आणि अरुंद झाली होती. रंग सगळा काळा. मूळचा की नंतरचा, ते कळण्याची सोय नव्हती. आणि मागे, जिथे माझी एकतीस वर्षे होती, तिथे उंटाच्या पिल्लासारखे एक कुबड होते.

“कॅफे रेसर म्हनत्यात, सर,” रहिमान म्हणाला. “विलायतंत पोरं असल्या गाड्या करायची. ह्या हाटेलातनं निघायचं आन् रेकार्डवरचं गानं संपायच्या आत परत यायचं.”

“म्हणजे चहा प्यायला जाण्याची घाई असलेल्या माणसाचे वाहन.”

“तसंच कायतरी.”

“मागची सीट कुठे आहे?”

“हिला नस्ती.”

“मी दिली तिला होती.”

त्याने फडक्याला हात पुसले. पुष्कळ वेळ पुसले. “सर, चूक झाली. कागुद बदललं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम हिच्यावर झालं.”

“मग माझे काम त्याच्या गाडीवर झाले असेल. ती दाखवा.”

“त्येची गाडी आलीच न्हाई अजून.”

न आलेल्या गाडीचे काम आलेल्या गाडीवर झाले, असे विधान मी तोपर्यंत फक्त विद्यापीठाच्या अहवालांत वाचले होते. मी तेथून चालत चौकीवर गेलो आणि तक्रार दिली. तक्रार सात पानी होती. दाभोळ्यांनी तिचे जे काय केले ते आरंभी उद्धृत केले आहे.

त्या वाक्यावर मी सही केली नाही. हवालदारांनी उसासा टाकून रहिमानला आत बोलावले.

“रहिमानभाई, ते दुसरं गिऱ्हाईक कोन? नाव सांग. सर ऐकंनात.”

रहिमान विचारात पडला. आठवायला जितका वेळ लागतो त्याहून थोडा जास्त, निवडायला लागतो तितका.

“बी. एस. पाटील.”

“कुठला?”

“हितलाच.”

हवालदारांनी पेन खाली ठेवले. “अरं, कोल्हापुरात बी. एस. पाटील हुडक म्हंजे रंकाळ्यात म्हशीची पाठ हुडक म्हटल्यागत झालं. फोन नंबर?”

“न्हाई.”

“दिसाय कसा?”

“बुटका,” मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे पाहिले. “सीटची उंची दोन इंच उतरवली आहे. मुठींपर्यंतचे अंतर आखूड आहे. ही गाडी सव्वापाच फुटांच्या माणसासाठी केली आहे. पाच फूट तीन इंच. माझ्या भावासारखा माणूस हिच्यावर बसला तर त्याचे गुडघे कानाला लागतील. इतक्या नेमक्या कामात खरी चूक म्हणावी अशी एकच आहे: टाकीचा डावा खोलगा उजव्याहून अर्धा इंच बाहेर गेला आहे. तिथे कारागिराचा हात घसरला.”

“न्हाई घसरला,” रहिमान पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काय न्हाई, सर.”

दाभोळे हे आळशी अधिकारी आहेत असा माझा समज होता. तो मी येथे मागे घेतो. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला त्यांनी चौकीच्या आवारात चार बी. एस. पाटील हजर केले. गाडी मधोमध उभी केली. ज्याला ती बसेल तो गिऱ्हाईक, आणि तो सापडला की प्रकरण मिटले, असा त्यांचा न्याय होता. त्यांच्या हातात पंचनाम्याचा कागद होता आणि गळ्यात शिंप्याची टेप.

पहिले बाबासो शामराव पाटील, दूधसंस्थेचे माजी अध्यक्ष. ते गाडीवर बसले तेव्हा त्यांचे पोट त्यांच्या आधी हँडलपाशी पोहोचले.

“हात पुरत्यात काय, अध्यक्ष?”

“हात पुरत्यात. हात आन् हँडलच्या मधी मी येतोय.”

दुसरे बळवंत सखाराम, कबड्डीचे प्रशिक्षक, उंची सहा फूट एक इंच. त्यांचे गुडघे खोलग्यांत न जाता मुठींवर गेले, आणि उतरताना त्यांना दोघांनी धरावे लागले. तिसरे भीमराव सिदगोंडा पाटील, वय एकोणऐंशी. ते बसले, त्यांना बरे वाटले आणि ते उतरेनात.

“आजोबा, ही तुमची गाडी हाय काय?”

“नव्हती,” ते म्हणाले. “पन देत असशीला तर न्हाई कशाला म्हनू?”

त्यांची टाच पायदानापर्यंत पोहोचत नव्हती. हवालदारांनी टेप लावली, ‘तीन इंच कमी’ असे लिहिले आणि आजोबांना चहा देऊन उतरवले.

चौथ्या भारती सदाशिव पाटील, मुलींच्या शाळेत शिवणकामाच्या शिक्षिका. त्या बसल्या नाहीत. पर्स काखेत धरून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टाकीच्या डाव्या बाजूला थांबून खोलग्यावरून बोट फिरवले.

“शाळेला उशीर होतोय म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या. “हे रेडीमेड नाही. माप घेऊन बेतलेलं आहे. आणि ही बाजू चुकलेली नाही. एक खांदा उतरता असलेली मुलगी असते, तिचं झंपर असंच बेततात.”

“मग मुलगी हुडकायची का काय आता?” हवालदार म्हणाले.

“माणूस शोधा,” असे म्हणून त्या रिक्षात बसल्या.

मला त्यांच्या म्हणण्याचा आनंद झाला, कारण हेतू नाही हे वाक्य आता निकालात निघाले होते. आणि संतापही आला, कारण त्यांचा उत्तरार्ध मला मान्य नव्हता. माझा सिद्धान्त असा होता की बी. एस. पाटील नाहीच. रहिमानने हे काम कोणासाठीही केलेले नाही. आपल्या हौसेसाठी, माझ्या भावाच्या वस्तूवर हात साफ करून घेतला आहे. मापे नेमकी दिसतात, पण ती कोणाचीच नाहीत. ज्याला वाचकच नाही अशा ग्रंथांशी माझा व्यवसायाने परिचय आहे.

“हवालदारसाहेब, ही गाडी कोणत्याही मनुष्यप्राण्याला बसत नाही, असे लिहून घ्या. मी दाखवतो.”

“तुम्ही?”

“पाच फूट तीन इंच. या उंचीच्या माणसालाही ती बसत नाही हे एकदा सिद्ध झाले, की शोधण्यासारखे काही उरत नाही.”

मी चपला काढल्या. का काढल्या ते मला सांगता येत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी मोटारसायकलीवर पुढच्या बाजूने कधी चढलो नव्हतो. पाय टाकला आणि बसलो.

दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले.

हात पुढे केले तर मुठी तिथेच होत्या, जिथे माझे हात संपतात. कोपराला जितका बाक लिहिताना असतो तितकाच होता. पाय उचलले, टाचांखाली पायदाने आली. मान मोडली नाही. नवव्या वर्षी मी चिंचेवरून पडलो, तेव्हापासून माझा डावा गुडघा थोडा बाहेर वळलेला आहे. हे माझ्या पत्नीलाही सांगावे लागले होते. तो गुडघा टाकीच्या डाव्या खोलग्यात, अर्धा इंच बाहेर, जाऊन बसला.

दाभोळे टेप घेऊन पुढे आले, माझ्या खांद्यापासून मुठीपर्यंत धरली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत धरली, आणि लिहिता लिहिता थांबले.

“सर,” त्यांनी हळू आवाजात विचारले, “तुमचं नाव बी. एस. पाटील न्हाई न्हवं?”

मी रहिमानकडे पाहत होतो. तो जवळ आला होता, पण माझ्या चेहऱ्याकडे त्याचे लक्ष नव्हते. तो माझ्या मनगटांकडे पाहत होता, कपडा अंगावर चढल्यावर शिंपी पाहतो तसा.

“मेज,” मी म्हणालो. “त्याने मला मेज करतो म्हणून सांगितले होते.”

“टाकीचा आन् सीटचा पॅटर्न हाय माझ्याकडं,” रहिमान म्हणाला. “माळ्यावर. सागवानी. दाखवतो.”

“कागद बदलले नव्हते.”

“न्हाई.”

“मग हे चार पाटील?”

“हवालदारांनी नाव इच्यारलं. मला काय ठावं, ते खरंच आनतील?”

दाभोळ्यांनी पहिला कागद टरकावला. नवा घेतला, त्यावर समास पाडला आणि सवयीने लिहू लागले, ‘आरोपीने असे कथन केले की, फिर्यादीच्या मयत बंधूने...’

“थांबा,” मी म्हणालो. मी अजून गाडीवरच होतो. “कथन केले नको. तो जे बोलेल ते लिहा. त्याच्याच शब्दांत. एक अक्षर सुधारू नका.”

“सर, असलं वर चालत न्हाई.”

“वर काय चालते ते मी वाचलेले आहे. लिहा.”

त्यांनी लिहिले. तक्रार मी त्याच दिवशी मागे घेतली, त्यामुळे तो कागद कोणत्याही फायलीत गेला नाही. तो मी मागून घेतला. त्यानंतर सहा महिने रहिमानने मला उद्यमनगराच्या मागच्या मोकळ्या मैदानावर काय काय ऐकवले, ते येथे देण्याचे कारण नाही. कागद आता घडीवर फाटत आला आहे, कारण आठ वर्षे तो शर्टाच्या वरच्या खिशात, माझ्या लायसन्सच्या मागे असतो. पाठ असा:

“मी रहिमान बाबालाल शिकलगार, वय एकसष्ट, धंदा गॅरेज. कागुद बदललं न्हाईत. बी. एस. पाटील कोन मला म्हाईत न्हाई. सरांची यादी मी तीनदा वाचली, सगळी समजली, काळ्या रबरासकट. भूपालअण्णांनी दवाखान्यात जायच्या आदी पॅटर्न करून दिला, आन् मापं दिली. म्हनले, मागची सीट हाय तवर श्रीपाल पुढं बसायचा न्हाई. कमानच काप, म्हंजे परत बसवायला नको. मी म्हटलं, मी जाऊन सांगतो, तुमची इच्छा हाय म्हनून. ते म्हनले, इच्छा म्हनशील तर गाडीला हार घालून ठेवील. चूक झाली म्हन. चुकीचा तो पिच्छा सोडत न्हाई. चूक कुठं हाय ते बघाय शेवटी सोता बसंल. गाडी आनून देईल तवर थांब म्हनले, म्हनून तीन वर्सं थांबलो. तवा मी हे जानूनबुजून केलंय, मला कबूल हाय. माप कुठं चुकलं आसंल तर तेवढं सांगा. ते अण्णांचं नसंल, माझं आसंल.”